दोनशे चौपन्न अक्षरं

वाक्य 'आणि ओढ्याकडचा रस्ता' इथं तुटलं होतं. पुढे पूर्णविरामही नव्हता.

एल्डन हॉगेननं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि पुन्हा लावला. वाक्य तिथंच तुटलेलं होतं.

"हेच ना तुमचं घर?" केंड्रानं विचारलं. "कुठल्या बाजूचं जाळणार तेवढं दाखवा, म्हणजे मी खूण करून ठेवते. नाहीतर धूर दिसला की फायरवाले उगाच धावत सुटतात."

चरांतलं वाळकं गवत जाळायचा परवाना घ्यायला तो काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, ऑफिसात आला होता. माँटाना राज्याच्या या पूर्वेकडच्या टोकाला एप्रिल लागला की सगळेच घेतात. यंदा तो पहिल्यांदाच एकटा आला होता. केंड्रा नियोजन खात्यात होती. तिशीतली, वर्षापूर्वीच बाहेरून आलेली, स्वभावानं बरी. तिनं स्क्रीन त्याच्याकडे वळवून नकाशा उघडला होता. त्याच्या घरावर एक पिवळी खूण होती. तिनं त्या खुणेवर टिचकी मारली तसा एक पांढरा चौकोन वर आला, आणि त्या चौकोनात त्याची बायको लव्हॉन बोलत होती.

'हॉगेन. दोघं राहतात. कुत्रा म्हातारा आहे, भुंकतो पण चावत नाही. पांढरं घर, हिरवं छप्पर. मोठ्या रस्त्यावरून वळलात की पहिलं फाटक आमचं नाही, दुसरं आमचं. साखळी वर उचलून सोडायची, ओढायची नाही. इन्शुलिन फ्रिजच्या दारात आहे. आणि ओढ्याकडचा रस्ता'

"पुढचं कुठं आहे?" एल्डननं विचारलं.

"कशाचं पुढचं?"

"या वाक्याचं."

केंड्रानं चौकोन खाली सरकवून पाहिला. सरकला नाही. "एवढंच आहे. तुम्हीच लिहून दिलं असेल ना?"

"माझ्या बायकोनं लिहिलंय. ती अर्ध्यात वाक्य सोडणारी नव्हती. जेवताना मी मध्येच बोलायचा थांबलो, तर घास खाली ठेवून वाट बघायची."

केंड्रा हसली, आणि मग तिला आठवलं की याची बायको नुकतीच गेली. तिनं हसू आवरलं.

"ॲम्ब्युलन्सला काय दिसतं?" त्यानं विचारलं.

"कॉल आता आपल्याकडे येत नाहीत, तिकडे प्रादेशिक केंद्रात जातात. पण नकाशा हाच. मला जे दिसतंय तेच त्यांना."

"म्हणजे फेब्रुवारीतही हेच दिसलं असणार."

"असणार," केंड्रा म्हणाली. तो हे का विचारतोय ते तिला अजून कळलं नव्हतं.

एल्डन उठला. परवाना घ्यायचा राहूनच गेला.

*

फेब्रुवारीच्या अकरा तारखेला सकाळी लव्हॉन स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "एल्डन, हात जड झालाय." तिचा आवाज शांत होता. तेवीस वर्षं तिनं काउंटीच्या इमर्जन्सी फोनच्या टेबलावर बसून दुसऱ्यांच्या किंकाळ्या ऐकल्या होत्या. तिला आपल्याला काय होतंय ते नेमकं कळलं होतं. त्यानं फोन लावला. पलीकडे एक पोरगी होती, दीडशे किलोमीटरवरच्या केंद्रात बसलेली. तिनं पत्ता विचारला, श्वास कसा आहे ते विचारलं. मग विचारलं, "घरापर्यंत पोचायला काही अडचण आहे का, सर?"

तो ओढ्यावरच्या मोडक्या पुलाचं सांगणार होता. लव्हॉननं त्याची बाही धरली.

"ते सगळं लिहिलंय तिथं. तिला वाचू दे. तू फोन ठेव आणि इथं बस."

"वाचतेय मी," पलीकडची पोरगी म्हणाली. "दिसतंय मला, सर. नोंद आहे."

म्हणून तो बसला.

गावातून निघालेली ॲम्ब्युलन्स चौतीस मिनिटांत यायला हवी होती. ती एकसष्ट मिनिटांनी आली. दोघं नवे स्वयंसेवक होते. ओढ्याकडच्या जवळच्या रस्त्यानं आले, पुलाशी येऊन थांबले. फळ्यांची दशा पाहिली आणि योग्य तेच केलं, गाडी घातली नाही. बर्फातून पाऊण किलोमीटर उलटी गाडी मागे घेतली, एकदा चाक चरात गेलं, ते काढलं, मग उत्तरेकडून वळसा घालून आले. तोवर एल्डन लव्हॉनला जमिनीवर निजवून तिची छाती दाबत होता.

नंतर डॉक्टरीणबाईंना त्यानं एकच प्रश्न विचारला होता. ती सत्तावीस मिनिटं मिळाली असती तर? बाईंनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, "सांगता येत नाही." खोटी समजूत घातली नाही म्हणून त्याला त्या आवडल्या.

दोन महिने तो स्वतःलाच दोष देत होता. मी फोनवर पुलाचं का सांगितलं नाही? सकाळी दाढी करताना हाच विचार, कुत्र्याला खायला घालताना हाच. त्या दिवशी काउंटीच्या पायऱ्या उतरताना त्याच्या लक्षात आलं की हा दोष वाटून घ्यायला आणखीही कोणीतरी आहे. त्यानं बरं वाटलं नाही. डोकं मात्र तापलं.

*

लव्हॉननं तो नकाशा नोकरीचा भाग म्हणून केला नव्हता. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सुरुवातीला तिच्या टेबलावर पत्र्याची पेटी होती. पेटीत कार्डं, प्रत्येक घराचं एक. कोणाचा कुत्रा चावतो, कोणाचं फाटक कुठल्या बाजूला उघडतं, कोणाच्या घरी ऑक्सिजन आहे, कुठल्या घरी नवरा पिऊन असेल तर शेरीफच्या पोलिसांना सांगूनच जायचं. इथं दोन घरांत सहा-सात किलोमीटर अंतर असतं. नुसत्या पत्त्यानं भागत नाही.

मग कॉम्प्युटर आला. तिनं कुठूनसं ऐकलं की साधा मजकूर एका ठरावीक पद्धतीनं लिहिला तर तो नकाशावर खुणा होऊन उमटतो. केएमएल म्हणतात त्या फाइलीला. पन्नाशी उलटलेली बाई ते शिकली, कोणाच्या शिकवणीला न जाता. प्रत्येक गोष्ट टोकदार कंसांच्या जोडीत लिहायची. नाव एका जोडीत, जागा एका जोडीत, वर्णन एका जोडीत. सुरुवातीचा कंस लिहिला की शेवटचा लिहायलाच हवा. एक जरी विसरला तरी सगळी फाइल उघडायलाच नकार देते.

"तुझ्या फाटकांसारखंच आहे," ती एल्डनला म्हणाली होती. तो काउंटीचा ग्रेडर चालवायचा, कच्चे रस्ते सपाट करायचा. तीस वर्षं दुसऱ्यांच्या कुरणांतून फाटकं उघडत आणि बंद करत गेली होती. "उघडलंस की बंद कर. नाहीतर एकाच्या गाई दुसऱ्याच्या रानात."

"आणि मी बंद करायला विसरलो तर?"

"तर तुझ्या नावानं मलाच फोन येतो. ठाऊक आहे मला."

तीनशे अठ्ठ्याऐंशी घरं. रविवारी दोघं पिकअपमध्ये बसून निघत. कोणाच्या ओसरीवर कॉफी, कोणाकडे बटाट्याची चपटी भाकर लोणी-साखर लावून. लव्हॉन वहीत लिहून घेई आणि संध्याकाळी फाइलीत घाली. घरात काही बदललं की जुन्या मजकुराच्या शेवटी नवं वाक्य जोडे. जुनं खोडायची तिला सवय नव्हती. "जुनंही कधी कामाला येतं," म्हणायची.

नोकरी सुटल्यावर तिनं ती फाइल काउंटीला देऊन टाकली. काउंटीनं केक कापला आणि तिच्या हातात एक घड्याळ ठेवलं.

*

ऑफिसातून घरी आल्यावर एल्डननं तिचा लॅपटॉप स्वयंपाकघराच्या टेबलावर मांडला. फाइल सापडायला वेळ लागला नाही. लव्हॉननं तिला नाव दिलं होतं 'घरं'. त्यानं आपली नोंद शोधली.

'...आणि ओढ्याकडचा रस्ता जड गाडीसाठी बंद समजा. पुराच्या वेळी पुलाच्या फळ्या सुटल्यात. तिकडे वळूच नका. सरळ पुढे जाऊन उत्तरेच्या फाटकातून या, पाच मिनिटं जास्त लागतील.'

पाच मिनिटं जास्त. त्यानं ते दोनदा वाचलं.

मग त्यानं पेन्सिल घेतली. ऑफिसातल्या चौकोनातला मजकूर त्याच्या डोक्यात होता. 'रस्ता' या शब्दापर्यंतची अक्षरं त्यानं मूळ फाइलीत बोट ठेवून मोजली. मोकळ्या जागा आणि टिंबंही धरली, कारण काय धरायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. दोनशे चौपन्न. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा ऑफिसात गेला आणि केंड्राकडून दुसऱ्या दहा घरांचे चौकोन छापून घेतले. घरी येऊन तेही मोजले. त्यात सात छोट्या नोंदी होत्या, त्या पूर्ण होत्या. तीन लांब होत्या, आणि तिन्ही दोनशे चौपन्नाव्या अक्षरावर कापलेल्या. एक तर शब्दाच्या मधोमध.

तो कागद घेऊन तो तिसऱ्यांदा गेला तेव्हा केंड्रानं त्याला खुर्ची दिली आणि दार लावून घेतलं.

"मी बघितलं काल," ती म्हणाली. "मी यायच्या आधीचं आहे. केंद्राकडे नकाशे सोपवताना एका कंपनीकडून सगळं एका साच्यात आणून घेतलं. त्या साच्यात वर्णनाच्या रकान्यात तेवढीच अक्षरं मावतात. उरलेली तो टाकून देतो."

"विचारत नाही?"

"नाही."

"लाल दिवा, घंटी, काही?"

"काही नाही. हा त्यांचा अहवाल." तिनं एक कागद पुढे केला. "खुणा तीनशे अठ्ठ्याऐंशी. आल्या तीनशे अठ्ठ्याऐंशी. काम शंभर टक्के यशस्वी."

एल्डननं तो कागद हातात घेतला. त्याच्यावर सही होती, शिक्का होता.

"शंभर टक्के," तो म्हणाला. "पोरी, मी रस्ता सपाट करून यायचो तर फोरमन गाडीतून उतरून चालून बघायचा. स्वतःच्या पायांनी. यांच्यातल्या एकानं तरी एक चौकोन उघडून वाचला का?"

"वाचला असता तर दिसलं असतं."

"म्हणजे नाही वाचला."

केंड्रानं मान खाली घातली. "मीही वाचला नव्हता, एल्डन. वर्षभर रोज उघडतेय मी ते. एकशे सत्तर नोंदी कापल्या गेल्यात. काल रात्री जेवण गेलं नाही मला."

तिच्यावर ओरडायचं ठरवून तो आला होता. तिनं ते त्याच्या हातून काढून घेतलं.

"आणि सगळ्यांत वाईट काय माहीत आहे?" तो म्हणाला. "लव्हॉन नवीन गोष्ट शेवटी लिहायची. म्हणजे कापलं गेलं ते सगळं ताजं होतं. कुत्रा चावत नाही हे राहिलं. कुत्र्याला आता दात कुठं आहेत."

*

काउंटीचा कारभार पाहणारे आयुक्त तिघं, मंगळवारी सकाळी कोर्टाच्या इमारतीत बसतात. ज्याला बोलायचं असेल त्यानं कागदावर नाव लिहायचं, तीन मिनिटं मिळतात. अध्यक्ष वेन्डेल स्ट्राउड. त्याच्या कुरणातून जाणारा रस्ता एल्डननं तीस वर्षं सपाट केला होता.

पंचवीसेक लोक होते. बरेचसे तण मारायच्या फवारणीवरून भांडायला आले होते. पहिल्या रांगेत ओटीलिया ऑस्टर बसली होती, एक्क्याऐंशी वर्षांची, नाकात ऑक्सिजनची नळी आणि शेजारी चाकांवरचं नळकांडं.

एल्डन उभा राहिला. त्यानं भाषण लिहिलं नव्हतं. त्याच्या हातात केंड्रानं छापून दिलेल्या नोंदी होत्या.

"मी फक्त प्रत्येक नोंदीचा शेवट वाचून दाखवणार आहे," तो म्हणाला. "तुमच्या नकाशात आज जसं आहे तसं."

त्यानं पहिली वाचली. बिघडलेल्या गॅसच्या टाकीबद्दल होती. 'टाकी घराच्या मागे. झडप उलटी फिरते, बंद करण्यासाठी' इथं तो थांबला. पान उलटलं.

दुसरी. 'रोलंडला ऐकू येत नाही. दार वाजवू नका, तो बंदूक घेऊन येतो. त्याऐवजी आधी' थांबला. पान उलटलं.

"त्याऐवजी काय?" मागून कोणीतरी हसत विचारलं.

"तेच विचारायला आलोय," एल्डन म्हणाला.

हसणं थांबलं. त्यानं तिसरी वाचली, चौथी वाचली. पाचवी वाचायला लागला तसं ओटीलियानं वर पाहिलं.

'ऑस्टर... एकटीच राहते. ऑक्सिजनची नळकांडी तळघरात, दहा-बारा. आग लागली तर फायरवाल्यांनी तळघरात उतरू नये, ओटीलिया तिथं नसते. ती झोपते'

"अरे, कुठं झोपते ते सांग ना त्यांना!" ओटीलिया मोठ्यानं म्हणाली. "मागच्या ओसरीत झोपते मी. काच लावून घेतलीय तिला. लव्हॉनला मी स्वतः दाखवलं होतं."

"तिनं लिहिलं होतं, ओटीलिया. यांनी टाकून दिलं."

"वेळ झाली, एल्डन," वेन्डेल म्हणाला.

"अजून एक मिनिट आहे. घड्याळ मलाही दिसतं."

भिंतीजवळच्या टेबलावर फोन ठेवला होता आणि त्यावर कंपनीचा माणूस होता. त्याला बोलू दिलं. तो नम्र होता. जसं मागितलं होतं तसंच दिलं गेलं, असं म्हणाला. मागणीच्या कागदात वर्णनाच्या लांबीचा उल्लेख नव्हता. आणि एक सूचना करावीशी वाटते, म्हणाला. अशा नोंदींत महत्त्वाची गोष्ट सुरुवातीला लिहिण्याची पद्धत असते.

खोलीत कोणी खोकलं.

"तुझं नाव काय रे बाबा?" एल्डन त्या फोनकडे वळून म्हणाला. फोनशी उभ्यानं भांडणाऱ्या माणसाचं हसू येतं, पण कोणी हसलं नाही. "नको, राहू दे. लव्हॉननं नोंद लिहिली तेव्हा पूल धड होता. पूर आला, पूल बिघडला, तिनं त्याच दिवशी शेवटी एक ओळ वाढवली. तिला काय माहीत की तुमच्याकडे कात्री आहे? तुम्ही तिला सांगायचं होतं. तुम्हाला ठाऊक होतं, तिला नव्हतं. आणि तुम्ही शंभर टक्के लिहून सही केलीत."

"त्या प्रसंगाबद्दल मी बोलू शकत नाही," फोन म्हणाला.

"आम्हालाही वकिलानं बोलू नका म्हणून सांगितलंय," वेन्डेल म्हणाला. मग तो जरा पुढे वाकला. आवाजात सलगी आणली. "एल्डन, लव्हॉनचं आम्हा सगळ्यांना वाईट वाटतं. पण तो पूल खासगी. तुझाच ना तो?"

खोलीतली हवा बदलली. एल्डनला ते कळलं. काही क्षण त्याला वाटलं की खाली बसावं.

"माझाच," तो म्हणाला. "फळ्या माझ्या, खिळे माझे. दोन उन्हाळे मी उद्या-परवा करत राहिलो. ते माझं पाप आहे, ते मी घेऊन जाईन. ते मला तुमच्या माथी मारायचं नाही. पण उरलेल्या एकशे एकोणसत्तर घरांचे पूल माझे नाहीत, वेन्डेल. ते तुमच्याकडे लिहून दिले होते."

ओटीलियानं टाळी वाजवली. एकटीनंच. नळीमुळे तिला दम लागला, तरी वाजवत राहिली.

आयुक्तांनी आपसांत कुजबुज केली. निर्णय असा झाला की नोंदी जुन्या आहेत. कित्येक माणसं गेली, कित्येक घरं विकली गेली. खात्री न केलेला मजकूर काउंटीच्या नकाशात घालणं जोखमीचं. खात्री करायला माणूस नाही. विषय पुढच्या वर्षीच्या कामांत घ्यावा.

"म्हणजे कापलेलं चालतं," एल्डन म्हणाला, "पूर्ण चालत नाही."

त्याची तीन मिनिटं संपली होती. पुढचा माणूस फवारणीवर बोलायला उभा राहिला.

*

बाहेर पायऱ्यांवर केंड्रा त्याची वाट पाहत होती.

"खात्री करायला माणूस नाही असं म्हणाले ते," ती म्हणाली. "माणूस मिळाला तर घालू नका असं नाही म्हणाले."

"मग?"

"लव्हॉनची फाइल आहे तशीच, साच्यात न घालता, नकाशावर वरून ठेवता येते. कापाकापी नाही. केंद्राला मी तीच पाठवीन. फक्त प्रत्येक नोंदीखाली कधी आणि कोणी खात्री केली ते हवं. मग मला कोणी अडवू शकत नाही."

"आणि अडवलं तर?"

"तर तुम्ही पुन्हा मंगळवारी या," केंड्रा म्हणाली. "ऑस्टरबाईंना घेऊन."

जुलैत आगी सुरू होतात. मे उजाडत होता. एल्डननं कुत्र्याला पिकअपमध्ये शेजारी बसवलं, लव्हॉनच्या जागेवर, आणि कापलेल्या एकशे सत्तर घरांपासून सुरुवात केली.

रस्ते त्याला ठाऊक होते, फाटकं ठाऊक होती. लिहिणं ठाऊक नव्हतं. पहिल्या आठवड्यात त्यानं रोलंडच्या नोंदीत भर घातली, शेवटचा कंस विसरला आणि सगळी फाइल उघडेनाशी झाली. तीनशे अठ्ठ्याऐंशी घरं एका फाटकापायी गायब. तो स्क्रीनसमोर उभा राहून ओरडला, कुत्रा टेबलाखाली गेला. दोन तासांनी त्याला तो कंस सापडला. तेव्हापासून तो आधी दोन्ही कंस लिहायचा आणि मग मधे मजकूर.

रोलंड दार उघडायला बंदूक घेऊनच आला, पण तिची नळी जमिनीकडे होती. एल्डननं आधी पुढच्या ओसरीतला दिवा तीनदा चालू-बंद केला होता. लव्हॉनच्या मूळ नोंदीत तसंच होतं.

"तुझ्या बायकोनं शिकवलं का हे?" रोलंड ओरडला. तो सगळंच ओरडून बोलायचा.

एल्डननं मान हलवली.

"ती कागदावर लिहून बोलायची माझ्याशी. बाकीचे नुसते तोंड वासतात." त्यानं बंदूक कोपऱ्यात ठेवली. "दिवा गेलाय त्या मागच्या ओसरीतला. पुढचाच लावायचा. लिही."

एल्डननं लिहिलं.

ओटीलियाकडे तो गेला तेव्हा तिनं मागच्या ओसरीतली खाट दाखवली, तळघराची किल्ली दाखवली, मग बसवून रूबार्बच्या आंबट देठांची गोड पेस्ट्री खायला घातली आणि तो काय लिहितोय ते वाकून पाहिलं.

"ऑस्टर आधी लिहू नकोस. आधी लिही की मी ओसरीत झोपते. तो फोनमधला माणूस म्हणाला ना, महत्त्वाचं आधी."

"त्याचं ऐकायचं नाही, ओटीलिया."

"माणूस मूर्ख असला म्हणून गोष्ट चुकीची होत नाही. लिही आधी."

त्यानं आधी लिहिलं. मग पुढच्या प्रत्येक घरी तो तसंच करू लागला. लव्हॉनचा मजकूर त्यानं खोडला नाही. फक्त ज्या वाक्यावर जीव अवलंबून होता ते उचलून वर आणलं. काही ठिकाणी घरच उरलं नव्हतं. तिथं तो 'कोणी राहत नाही, विहीर उघडी आहे, काठानं चालू नका' असं लिहायचा. एका घरात नवं जोडपं आलं होतं. तान्हं मूल होतं. त्या बाईनं विचारलं, "तुम्ही काउंटीतर्फे आलात का?"

"नाही," एल्डन म्हणाला. "लव्हॉनतर्फे."

तिला ते नाव माहीत नव्हतं. तिनं मुलाला दम्याचा त्रास आहे एवढं सांगितलं, आणि त्यानं ते सगळ्यांत वर लिहिलं.

जूनमध्ये त्यानं पूल दुरुस्त केला. नव्या फळ्या, लांब खिळे. दोन्ही टोकांना पाटी लावली, किती वजन पेलेल त्याची. काम दीड दिवसाचं निघालं. दीड दिवस. ते झाल्यावर तो पुलावर बसून राहिला, पाय खाली सोडून, आणि कुत्रा नव्या लाकडाचा वास घेत राहिला.

जूनच्या सत्तावीस तारखेला केंड्रानं फाइल केंद्राकडे पाठवली. तिनं फोनवर सांगितलं की तिकडच्या मुलीनं ओटीलियाचा चौकोन उघडून पूर्ण वाचून दाखवला, शेवटच्या अक्षरापर्यंत. आयुक्तांकडून काही पत्र आलेलं नाही. कंपनीचं काम अजूनही कागदोपत्री शंभर टक्के यशस्वी आहे.

तीनशे अठ्ठ्याऐंशीपैकी नऊ नोंदींची खात्री व्हायची आहे. आठ ठिकाणी दोनदा जाऊनही कोणी भेटलं नाही. नववी एल्डनच्या घराची. पुलाची ओळ त्यानं बदलली आहे. कुत्र्याची ठेवली आहे. 'दोघं राहतात' हे बदलायचं राहिलं आहे.